जाईचा अकॉर्ड, ट्रायल 7: स्कॅटोलचा डोस शेवटी सापडला

जाईच्या फुलाचा अकॉर्ड, म्हणजे अनेक घटक मिसळून उभा केलेला एकच वास, बनवतेय; मागच्या लॉगमध्ये गाडी जिथे अडकली होती तिथूनच सुरू करते. बेंझिल अॅसिटेट, हेडिओन, लिनालूल, थोडं सिस-जॅस्मोन, किंचित युजेनॉल, हे सगळे सुगंधी घटक जागच्या जागी होते, ब्लॉटरवर (वास घ्यायच्या कागदी पट्टीवर) वास स्वच्छ आणि गोड यायचा, पण फूल काही येत नव्हतं. चांगला महागडा साबण यायचा. इंडोल 1 टक्क्यापर्यंत नेलं तेव्हा पाकळी जरा जाड झाली, तरी मधे कुठेतरी पोकळच वाटत होतं. खऱ्या जाईच्या अॅब्सोल्यूटमध्ये (फुलांपासून काढलेल्या दाट अर्कात) इंडोल 2-3 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून मी ते अजून वाढवत गेले आणि तिथेच चुकले, कारण नुसतं इंडोल वाढवलं की डांबरगोळ्या यायला लागतात.

म्हणून यावेळी इंडोल परत 1 टक्क्यावर आणलं आणि स्कॅटोल हातात घेतलं. रासायनिकदृष्ट्या ही दोघं भावंडंच, स्कॅटोल म्हणजे इंडोलला तिसऱ्या जागी एक मिथाइल गट जोडलेला, बस. पण नाकाला फरक प्रचंड. दाट असताना सरळसरळ विष्ठेचा वास, आणि खूप खूप पातळ केलं की तोच वास गरम, फुलासारखा, अंगाजवळचा होतो. हे वाचलेलं होतंच, पण स्वतः 10 टक्के, मग 1 टक्का, मग 0.1 टक्का अशा पायऱ्या उतरत प्रत्येक पायरीवर ब्लॉटर हुंगला तेव्हा पटलं. 0.1 च्या ब्लॉटरवर पहिली पाच मिनिटं नको वाटतं, अर्ध्या तासाने मी तो परत परत नाकाशी नेत होते.

आता चूक सांगते. 1 टक्का आणि 0.1 टक्का, दोन्ही सारख्याच बाटल्यांत, लेबलवर पेनाने लिहिलेलं, अल्कोहोलचा एक ओघळ आला आणि दशांश चिन्हच पुसलं गेलं. 10 ग्रॅम कॉन्सन्ट्रेटमध्ये 0.2 ग्रॅम घालायचं होतं, ते 1 टक्केवालं गेलं. म्हणजे 20 पीपीएमच्या (दहा लाखात 20 भाग) जागी 200 पीपीएम. पहिल्या दिवशी नुसतं जड वाटलं, तिसऱ्या दिवशी बाटली उघडली तर तबेला. अख्खा बॅच गेला, त्यात माझं होतं नव्हतं तेवढं सिस-जॅस्मोन गेलं, त्याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून लेबलं पेन्सिलने लिहिते, पेन्सिल अल्कोहोलने जात नाही, आणि स्कॅटोलच्या पातळ द्रावणांच्या बाटल्या वेगवेगळ्या आकाराच्या ठेवल्यात. ड्रॉपर पण त्याचा तोच, दुसऱ्या कशात घालायचाच नाही. ग्लोव्हज काढल्याशिवाय इतर झाकणांना हात लावायचा नाही, नाहीतर आठवडाभर प्रत्येक गोष्टीत स्कॅटोल भेटतं आणि आपण फॉर्म्युला बदलत बसतो.

परत बनवलं. यावेळी तीन बाटल्या: स्कॅटोल नाही, 20 पीपीएम, 50 पीपीएम. दोन आठवडे अंधारात ठेवल्या (इंडोल उजेडात आणि हवेत गुलाबी-तपकिरी होतं, रंग आला म्हणून घाबरू नका, पण उघडं ठेवू नका) आणि मग बहिणीला न सांगता ब्लॉटर दिले. स्कॅटोल नसलेल्याला ती म्हणाली छान आहे, फ्रेश आहे. 50 ला नाक मुरडलं. 20 वाला बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाली, हे काल उमललेलं फूल आहे. मला अगदी हेच हवं होतं! आणि तिला त्यात प्राण्याचा वास वगैरे काहीही जाणवला नव्हता. स्कॅटोलचा डोस बरोबर आहे की नाही हे ते घातलेल्या बाटलीत शोधून कळत नाही, ते नसलेली बाटली शेजारी ठेवली की कळतं, म्हणून जोडीची बाटली बनवल्याशिवाय आता मी डोस ठरवतच नाही.

इथून पुढे सिव्हेट बेसकडे, म्हणजे जवादी मांजराच्या स्रावासारख्या वासाच्या मिश्रणाकडे वळलेय. जवादी मांजराला पिंजऱ्यात ठेवून त्याच्या ग्रंथीतून खरवडून काढलेला माल मला वापरायचाच नाही, तो प्रश्नच नाही. आणि गरजही नाही. त्या मालातला मुख्य सुगंधी रेणू म्हणजे सिव्हेटोन, त्याची रचना रसायनशास्त्रज्ञ लिओपोल्ड रुझिच्काने 1926 मध्येच उलगडून दाखवली, 17 कार्बनचं वलय, आणि तेव्हा एवढं मोठं वलय टिकूच शकत नाही असा समज होता. सिव्हेटोन एकटं हुंगलं तर गुळगुळीत कस्तुरीसारखं, जवळजवळ सभ्य. त्यात स्कॅटोल, इंडोल आणि फिनाइलअॅसेटिक अॅसिडचा कण (मधासारखं आणि मूत्रासारखं, दोन्ही एकदम) गेला की ते खरं जनावर होतं. याच जनावरी वासासाठी वापरतात ते पॅराक्रेसॉल मात्र शुद्ध स्वरूपात घरी आणू नका, ते विषारी आहे आणि कातडी जाळतं, तयार पातळ केलेलं घ्या. मी त्याऐवजी पॅराक्रेसिल अॅसिटेट घेतलं, घोडा आणि नर्गिस दोन्ही त्यातून मिळतात, जरा मवाळपणे.

कॉस्टस रूट ऑइलबद्दल मागे विचारलं होतं कुणीतरी. न धुतलेल्या केसांचा तो वास मलाही फार आवडतो, पण त्वचेला अॅलर्जी आणतं म्हणून इफ्राने (सुगंधी उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) त्यावर बंदी घातलीय, तेव्हा अंगावर लावायच्या कशातही नाही.

हायरेसियमचं टिंक्चर पण लावलंय, 10 टक्के, दगडासारखा खडा खलबत्त्यात कुटून अल्कोहोलमध्ये. आफ्रिकेतल्या रॉक हायरॅक्सच्या मूत्राचा आणि लेंड्यांचा वर्षानुवर्षं साठून दगड झालेला थर तो, त्यासाठी प्राण्याला हातही लावावा लागत नाही. कुटताना काही नाही, अल्कोहोल पडलं आणि दहा मिनिटांत चामडं, तंबाखू, जुनं लाकूड असं एकेक वर यायला लागलं. रोज एकदा हलवते. चार आठवड्यांनी गाळेन आणि 20 पीपीएमवाल्या जाईत 0.5 टक्क्यापासून सुरुवात करेन, शेजारी बिनाहायरेसियमची बाटली ठेवून.