वाळ्याचा वास आला नाही

मागच्या वर्षी मार्चमध्ये सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून भाजी घेऊन आम्ही मानेवाड्याकडे परतत होतो. गाडी हे चालवत होते. मी मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर दोन थैल्या. अंधारात स्पीड ब्रेकर यांना दिसला नाही. गाडी उसळली आणि दोन्ही हात थैल्यांत गुंतलेली मी मागच्या मागे डोक्यावर आपटले. हेल्मेट यांच्या डोक्यावर होतं, माझ्या नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, हे मला नंतर कळलं.

दवाखान्यात डोळ्यांत टॉर्च मारून पाहिला. नाव विचारलं, वार विचारला, हातपाय हलवायला लावले. ग्लासगो कोमा स्केलवर, म्हणजे शुद्धीच्या मोजणीत, १५ पैकी १५. ही मोजणी १९७४ पासून चालत आली आहे. डोळे, बोलणं आणि हालचाल यांना गुण देतात, कमीत कमी ३. सीटी स्कॅनही नॉर्मल आला. डोक्याला चार टाके घातले आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

आठवडाभराने यांनी कूलर काढला, वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, पाणी सोडलं. नागपुरात उन्हाळा खरा त्या वासाने सुरू होतो. सासूबाई म्हणाल्या, "काय सुंदर वास सुटला ना वो!" मला नुसती गार हवा लागली. वाटलं, सर्दी असेल. दोन दिवसांनी दूध करपलं. मी ओट्याशीच सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत उभी होते, आणि सासूबाई आतल्या खोलीतून धावत आल्या. "वास नाही आला का तुला?"

मी हातातली सांबाराची जुडी नाकाशी धरली. मुळांना माती चिकटलेली, पानं ओली, दोन पानं तर नाकाला टेकली. काहीच नाही. कागद हुंगावा तसं.

मग मी मिरचीची फोडणी करून पाहिली. जोरात ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. म्हटलं, नाक चालतंय की! कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तो घोळ सोडवला. मिरची झोंबते ती वेगळ्या मज्जातंतूमुळे. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी ती पाचवी जोडी, चेहऱ्याला संवेदना देणारी. वास पहिल्या जोडीचा. म्हणून सावजी रस्सा मला तिखट लागत होता, पण त्यातली खसखस, दगडफूल, भाजलेलं खोबरं सगळं गेलं होतं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, ती बरीचशी नाकाची.

नाकाच्या छताशी चाळणीसारखं भोकं असलेलं एक पातळ हाड असतं. वासाचे केसाहून बारीक तंतू त्या भोकांतून वर मेंदूकडे जातात. डोकं मागून आपटलं की आत पाण्यात तरंगणारा मेंदू मागे-पुढे हलतो, आणि हे तंतू भोकांच्या काठाशी ताणून तुटू शकतात. सीटी स्कॅनमध्ये ते दिसत नाहीत. त्या रात्री मला कुणी वासाचं विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं. डोक्याला मार लागलेलं माणूस घरी आलं की त्याच्यापुढे चहापत्तीचा डबा धरा, डोळे मिटून ओळखायला सांगा. एवढंच करायचं असतं.

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. पाठीच्या कण्यातल्या तुटलेल्या तंतूंसारखं हे नसतं, म्हणाले. वासाच्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. पण नव्या तंतूंना पुन्हा त्या चाळणीतून वर जावं लागतं, आणि मधे व्रण झाला असेल तर वाट बंद होते. अनेकांचा वास परत येत नाही. एक व्यायाम मात्र दिला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये तो अभ्यासून मांडला होता: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचे, निदान बारा आठवडे.

चार लहान बरण्या केल्या. लवंगेची हुंगताना मी आईच्या दातदुखीचा कापूस आठवायचे. तीन महिने शून्य. मग जुलैत एकदा कांदा परतताना एकदम जळक्या रबरासारखा वास आला, मळमळलं, आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. वाकडा का होईना, वास होता! तंतू जुळताना असा चुकीचा वास येतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

नोव्हेंबरात आंबिया बहराची संत्री आली. लेकीने माझ्या नाकासमोर साल दुमडून दाबली. तुषार ओठावर उडाले, थोडं झोंबलं, आणि झोंबण्याच्या मागून क्षणभर संत्रं आलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर नाही आलं.

आता लवंग ओळखू येते, लिंबू कधीकधी. गॅसचा वास येत नाही, म्हणून भिंतीवर गळतीचा अलार्म बसवला आहे आणि झोपण्याआधी सासूबाई रेग्युलेटर बघून जातात. सांबाराची जुडी मी दर बुधवारी बाजारातच हुंगून पाहते. भाजीवाली आता विचारते, "आला का वो, ताई?"