आमची वाटचाल : मोजणीचा भार कुणावर?

नोकरीत असताना आम्ही दोघं भागीदार सर्व्हरच सांभाळायचो. सर्व्हर हळू का चालतोय हे शोधून देणारा एजंट, म्हणजे सर्व्हरवरच सतत चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायचा, एवढ्या भांडवलावर फर्म काढली. पहिल्या ग्राहकाकडे तो बसवला आणि आठवड्याभरात त्यांच्या सिस्टीम अ‍ॅडमिनचा फोन आला, "अहो, तुमचा एजंट बंद केला की आमचा सर्व्हर बरा पळतो!"

आम्ही अर्थातच आधी त्यांच्या हार्डवेअरला दोष दिला. मग कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग उघडला. तिथे पर्फची (लिनक्समधलं मोजणीचं साधन, आमचा एजंट तेच वापरायचा) तक्रार पडलेली होती : इंटरप्टला (मोजण्यासाठी सीपीयूचं काम मध्येच थांबवण्याला) फार वेळ लागतोय, २५०१ > २५००, कमाल दर खाली आणतोय. आकडे नॅनोसेकंदांतले. सेकंदाला जास्तीत जास्त एक लाख सॅम्पल (त्या क्षणी काय चाललंय याची एकेक नोंद) आणि त्यांत सीपीयूचा २५ टक्क्यांहून जास्त वेळ घालवायचा नाही, हे लिनक्सचं मूळ सेटिंग. म्हणजे एका सॅम्पलच्या वाट्याला अडीच मायक्रोसेकंद. कर्नलनेच आमचा कान धरला होता.

आळस आमचाच. पर्फ रेकॉर्ड काही न सांगता सेकंदाला ४००० सॅम्पलचा दर धरतं, तो आम्ही तसाच ठेवला होता. वर स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं ती साखळी) ड्वार्फ पद्धतीने घ्यायचो, म्हणजे साखळी नंतर जुळवायची म्हणून दर सॅम्पलमागे ८ केबी उचलून बाहेर. गुणाकार करून बघा : कामात असलेल्या एकेका कोअरमागे सेकंदाला ३२ एमबी!

दर ९९ वर आणला. शंभर नाही, कारण त्याच ठेक्यात चालणाऱ्या टायमरशी पावलं जुळली की दर वेळी तेच दृश्य दिसतं. ड्वार्फ सोडून फ्रेम पॉइंटर (स्टॅकमध्ये मागच्या फंक्शनकडे बोट दाखवणाऱ्या खुणा) धरले, तर निम्मे स्टॅक तुटके. लायब्रऱ्याच त्यांच्याशिवाय कंपाइल केलेल्या. (२०२३ मध्ये फेडोरा ३८ या लिनक्सच्या आवृत्तीने ते परत चालू केले, तेव्हा आमच्याकडे दोन दिवस दुसरा विषय नव्हता.)

खरा श्वास मिळाला तो ईबीपीएफमुळे, म्हणजे कर्नलच्या आत आपला छोटा प्रोग्रॅम चालवायच्या सोयीमुळे. ४.९ कर्नलपासून पर्फच्या इव्हेंटला प्रोग्रॅम जोडता येतो, त्यामुळे मोजणी कर्नलच्या आतच होते. एकच स्टॅक हजारदा आला तरी नोंद एक, पुढे आकडा.

तिथेही आम्ही माती खाल्लीच. आकडे साध्या हॅश मॅपमध्ये, म्हणजे सगळ्या कोअरच्या सामाईक तक्त्यात, ठेवले होते. सगळे कोअर एकाच खणात भर घालायला धावायचे आणि ती कॅश लाइन (सीपीयूच्या जलद मेमरीतला तो तुकडा) चेंडूसारखी इकडून तिकडे फिरायची. नव्याने लागलेल्या मुलीने दुसऱ्याच आठवड्यात विचारलं, "सर, प्रत्येक सीपीयूला वेगळा खण का नाही? बेरीज वाचताना करू की." मॅपचा प्रकार बदलला, वाचणाऱ्या कोडमध्ये बेरजेचा एक लूप घातला, झालं. चार महिने आम्ही भलतीकडेच शोधत होतो.

आता एजंट चालू असताना आणि बंद असताना, अशी दोन्ही मापं अहवालाच्या पहिल्याच पानावर छापतो. विक्री बघणारा माझा भागीदार यावर अजून कुरकुरतो. तो पहिला ग्राहक मात्र परत आला नाही.