तुम्ही विचारलंत म्हणून: फोन थोरलीलाच का दिला?

नणंदेने विचारलं, धाकट्याच्या वर्गबाईंनी विचारलं, डबा न्यायला येणाऱ्या काकांनीसुद्धा विचारलं. २०२०-२१ चं करोनाचं वर्ष, शाळा बंद, वर्ग फोनवर. घरात एकच स्मार्टफोन, थोरली दहावीत, धाकटा पहिलीत. मग सगळा वेळ फोन थोरलीकडे का? पोराचा पाया कच्चा राहतोय हे दिसत नव्हतं का? नणंदेच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न असतो, तो ती तोंडाने विचारत नाही: मुलाला सोडून मुलीला?

आतापर्यंत मी एकच उत्तर देत आले, की बोर्डाचं वर्ष होतं. दहावी म्हटलं की आपल्याकडे टीव्हीची केबलसुद्धा काढतात, त्यामुळे माणसं पुढे काही बोलत नसत. पण हे उत्तर पुरत नाही, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. १२ एप्रिल २०२१ ला परीक्षा पुढे ढकलली आणि २० एप्रिलला ती रद्दच झाली. मग गुण कसे देणार ते कळलं. शंभरातले ५० नववीचे, ३० दहावीच्या अंतर्गत लेखी परीक्षांचे, २० तोंडी-प्रात्यक्षिकांचे. नववीची वार्षिक परीक्षा तर २०२० च्या लॉकडाउनमुळे झालीच नव्हती, तिथे पहिलं सत्रच धरलं होतं. म्हणजे निम्मा निकाल फोन तिच्या हातात यायच्या आधीच ठरला होता. १६ जुलैला निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के. पुढे २१ ऑगस्टला अकरावीसाठी सीईटी होणार म्हणून ती पुन्हा अभ्यासाला बसली, फोन पुन्हा तिच्याकडे गेला, आणि १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती सीईटीही रद्द केली. तोवर धाकटा दुसरीत गेला होता.

तेव्हा ‘बोर्डाचं वर्ष’ हे उत्तर आजपासून मी देणार नाही.

दुसरा फोन का नाही घेतला, हेही विचारता. यांची रिक्षा बंद, हप्ता चालू. हप्ते काही महिने पुढे ढकलता आले, पण व्याज थांबलं नाही. हे रिक्षात कांदे-बटाटे घालून सोसायट्यांच्या दारात उभे राहायचे. माझे पोळीभाजीचे डबे ऑफिसवाल्यांचे होते, ती ऑफिसं बंद पडली. जे थोडे डबे उरले त्यांच्या ऑर्डरी त्याच फोनवर यायच्या. यांच्याकडे बटणांचा फोन. सात-आठ हजार रुपये तेव्हा कुठून आणायचे?

धाकट्याला लागायचा तरी किती वेळ? पहिली ते आठवीला दिवसाला फार तर दोन तासिका, तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या, अशी केंद्र सरकारची सूचनाच होती. दीड तास. तेवढाही देता आला नाही का, हा प्रश्न मी स्वतःलाच जितक्या वेळा विचारलाय तितका तुम्ही कुणीच विचारला नसेल. आम्ही वाटणी करून पाहिली. पण त्याचा वर्ग आणि तिचं गणित एकाच वेळी भरायचं. बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, व्हिडिओ ग्रुपवर टाकते, नंतर बघू दे. नंतर म्हणजे रात्री जेवणं झाल्यावर. दिवसाचा दीड जीबी तोवर संपलेला असायचा, गोल फिरत राहायचं आणि पोरगं पेंगायचं. सह्याद्रीवर मुलांसाठी कार्यक्रम लागायचा, तो बघायला बसवायचे. पण टीव्हीला थोडंच कळतं की समोरच्या पोराने ‘ध’ आणि ‘घ’ची अदलाबदल केली आहे? दुसरीत मागच्या वर्षाची उजळणी करून घेणारा सेतू अभ्यासक्रम आला, तोही फोनवरच.

आता खरं कारण. हे मी यांच्याशीसुद्धा उघड बोलले नव्हते.

त्या वर्षी आमच्या चाळीतल्या आणि गावाकडच्या ओळखीच्या मुलींची लग्नं भराभर उरकली जात होती. पन्नास माणसांत लग्न, जेवणावळीचा खर्च नाही, शाळा बंदच आहे, मुलगी घरीच बसलीय. आमच्याकडेही एक स्थळ आलं. मुलगी पंधरा वर्षांची. सासूबाई म्हणाल्या, नुसतं बघायला काय हरकत आहे? तेव्हा मी आत बोट दाखवलं. थोरली कानाला हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून बसली होती. म्हटलं, तिची दहावी चालू आहे. बस्स. ‘दहावी चालू आहे’ हे सगळ्यांना दिसायला हवं होतं, आणि ते फोनमुळेच दिसत होतं. जानेवारीत वर्ग थोडे दिवस भरले, नंतर पुन्हा बंद झाले, पण फोन चालू होता. तो दीड तासासाठीसुद्धा तिच्या हातातून काढला असता तर तिला भांडी घासायला उठवायला घरात माणसं तयारच होती. धाकट्याला पहिलीचं पुन्हा शिकवता येईल, हा माझा हिशोब होता. लग्न करून दिलेल्या मुलीला परत आणता येत नाही.

हिशोब मला आजही बरोबर वाटतो. तरीही २०२१ च्या दिवाळीत काय झालं ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं खरं होणार नाही.

आम्ही माझ्या माहेरी, फलटणजवळ गेलो होतो. माझ्या आईला वाचता येत नाही. घरात पत्रिका आली की ती एखाद्या नातवंडाला हाक मारते आणि मोठ्याने वाचून घेते. लहानपणी हे काम माझं होतं. त्या दिवशी तुळशीच्या लग्नानंतरच्या एका लग्नाची पत्रिका आली. आईने धाकट्याला जवळ घेतलं. ‘पुण्याच्या शाळेत जातोस ना, वाच बरं.’

त्याने पत्रिका उघडली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू झाला: ‘श्री गणेशाय नमः. आमच्या येथे श्रीकृपेकरून...’ बोट शब्दाशब्दाने पुढे सरकत होतं. आवाज खणखणीत. मी स्वयंपाकघराच्या दारात करंज्यांचं ताट घेऊन उभी होते आणि मला खरंच वाटलं की हा वाचतोय. आई कौतुकाने मान डोलवत होती. ‘मुलगी कुठली?’ तिने विचारलं. तो क्षणभर थांबला, बोट तसंच ठेवलं आणि म्हणाला, ‘बारामतीची.’ ‘कुणाची रे?’ त्याने एक नाव सांगितलं. ते आमच्या घरमालकांचं नाव होतं.

माझा भाचा त्याच्याहून वर्षाने लहान, जिल्हा परिषदेच्या शाळेतला. त्यांचे गुरुजी शाळा बंद असताना वस्तीवर यायचे आणि मारुतीच्या देवळात मुलांना लांब लांब बसवून शिकवायचे. भाचा खांद्यावरून पत्रिकेत डोकावला आणि म्हणाला, ‘आजी, हा खोटं वाचतोय. इथं कोरेगाव लिहिलंय.’

माझा मुलगा रडला नाही. त्याने पत्रिका नीट घडी करून आजीच्या मांडीवर ठेवली. वहिनी पटकन फराळाचं बोलू लागली. दादाने भाच्याला दटावलं, त्या बिचाऱ्याचा काय दोष? आईला काय झालं ते कळायला वेळ लागला आणि कळल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘असू दे, मलाही येत नाही.’ तिने ते त्याला धीर द्यायला म्हटलं. मला मात्र ते ऐकवेना.

थोरली मागच्या ओसरीवर जाऊन बसली होती. मी गेले तर म्हणाली, ‘माझ्यामुळे झालं ना?’ मी नाही म्हटलं. यापेक्षा जास्त काही मला बोलता आलं नाही.

धाकट्याला फोन का दिला नाही एवढंच मला विचारता, तर हेही विचारा की सगळं शिक्षण फोनच्या पेटीत कुणी बसवलं. देवळातल्या गुरुजींना फोन लागला नाही. सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, येता-जाता पोरं वाचायची. आमच्या गल्लीतही भिंती होत्या, देऊळ होतं. पुण्यात रुग्ण किती होते हे मला आठवतं, कुणी धोका पत्करायला हवा होता असं मी सहज म्हणणार नाही. पण आमच्यासारख्या घरात तो एक फोन कुणाकडे जाईल, हे आम्हालाच ठरवायला लावलं आणि आता जाबही आम्हालाच विचारतात.

डिसेंबरात त्याची शाळा उघडली, जानेवारीत पुन्हा बंद झाली, फेब्रुवारीत उघडली. आठवीपर्यंत नापास करत नव्हते, तो वर चढत गेला. दुसरीतल्या मुलाला मी रोज रात्री बाराखडीपासून बसवलं. आता तो सहावीत आहे. वाचतो. वर्गात मोठ्याने वाचायला सांगितलं की मात्र घसा दुखतो म्हणून सांगतो, असं त्याच्या बाई म्हणतात. थोरली बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एका सीएकडे अर्धवेळ काम करते. तिच्या बरोबरीची, त्या वर्षी लग्न झालेली मुलगी दोन लेकरांना घेऊन माहेरी आली आहे.

गेल्या महिन्यात हा प्रश्न धाकट्यानेच विचारला. मी त्याला स्थळाचं सांगितलं, हप्त्याचं सांगितलं. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, ‘मग ताईने मला शिकवायचं होतं. ती तर घरीच होती.’ थोरलीने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मी शिकवत होते, तू ऐकून पाठ करायचास.’ त्यावरून दोघांचं भांडण जुंपलं आणि मी कुणाचीच बाजू घेतली नाही.