पातळ पुस्तक

शनिवार, रात्री

दुपारपासून चिडचीड होतेय आणि कारण काय, तर ८० पानांचं एक पुस्तक. सुनंदानं दिलं, "वाच आणि मग बोल" म्हणून. आता बोलावंसंच वाटेना.

कवी धारूरकडचा. आमच्या पिंट्याएवढा असेल. दसरा झाला की ऊस तोडणारे कोयते साखर कारखान्याला जातात, लेकरू म्हातारीजवळ राहतं, मुकादमाची उचल काही फिटत नाही, हे सगळं त्यात आहे. यमक नाही, चंद्र नाही. एका कवितेत म्हातारी जाणाऱ्यांच्या वाटेच्या भाकरी मोजते. मोजून होतात, कविता संपते. मी पुस्तक मिटलं.

ही म्हातारी मला माहीत आहे. म्हणजे हीच नव्हे, पण अशा कितीजणी नातवाला सोडायला वर्गाच्या दाराशी यायच्या, पदर सावरत उभ्या राहायच्या. नोकरीभर बघितल्या. आणि माझ्या कवितांच्या वह्या भरल्या त्या पावसाच्या, प्राजक्ताच्या. आमच्या अंगणात प्राजक्त कधी नव्हताच!

असूया म्हणावी तर तसं नाही. किंवा तसंच आहे. पुण्याच्या कुणी लिहिलं असतं तर "छान" म्हणून मोकळी झाले असते. हा इथलाच, याच एस्टीत उभं राहून गेलेला. आई असती तर... जाऊ दे.

इथं कुठले आलेत प्रकाशक, आपल्याला कोण छापणार, हे मी किती वर्षं घोकलं. तिकडं औरंगाबादेतून गंगाधर पानतावणे दलित साहित्याचं 'अस्मितादर्श' नियतकालिक चालवत होते, त्यातून माणसं लिहिती होत होती. मुंबईत अशोक शहाण्यांचं 'प्रास' प्रकाशन काही मोठं दुकान नव्हतं, पण अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ साली त्यांनीच काढला. लांब कशाला, आमच्या अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी ४० फुटी कापडावर लिहून ठेवलं. त्यांना कुठला प्रकाशक आडवा आला? (खपाची काळजीही नसणार म्हणा.)

जेवणं झाल्यावर शेवटच्या पानावरच्या नंबरावर मेसेज टाकला, पाच प्रती पाठवा म्हणून. सुनंदा सांगत होती, प्रकाशक म्हणजे एकटाच माणूस, दिवसा कॉलेजात शिकवतो आणि संध्याकाळी बायकोच्या मदतीनं पार्सलं बांधतो. लगेच उत्तर आलं, "ताई, पाच? चुकून टाइप झालं का?"

एवढ्या वैतागातही हसले. नाही म्हटलं, पाचच. तर विचारतो, "तुम्ही पण लिहिता का?"

अजून काही कळवलेलं नाही. वाचल्याच्या निळ्या खुणा मात्र त्याला दिसल्या असणार.