तुम्ही विचारलंत म्हणून: हुशार माणसं देव मानत नाहीत, हे खरं का?

हा प्रश्न विचारणारे दोन गटांतले असतात. एक गट म्हणतो, बुद्धी जास्त तर श्रद्धा कमी, हे संशोधनातून सिद्ध झालंय ना? दुसरा लगेच इस्रो पुढे करतो: प्रक्षेपणाआधी शास्त्रज्ञ तिरुपतीला जातात, मग ते काय बिनडोक?

दुसऱ्यांचं आधी निकालात काढू. विधान सरासरीबद्दल असेल तर एकट्यादुकट्याच्या उदाहरणाने ते खोटं ठरत नाही. रामानुजन नामगिरी देवीचे भक्त होते, त्यांचे इंग्रज सहकारी गणितज्ञ हार्डी पक्के नास्तिक, आणि दोघांनी मिळून उत्तम गणित केलं. यातून कुठल्याच बाजूला काही मिळत नाही.

पहिल्या गटाच्या हातात मात्र खरोखरचा आकडा आहे. झुकरमन, सिल्बरमन आणि हॉल यांनी २०१३ मध्ये ६३ अभ्यास एकत्र तपासले. त्यांतल्या ५३ अभ्यासांत धार्मिकता जास्त तिथे बुद्धिचाचणीचे गुण कमी, असा कल होता. एकत्रित सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात ते सांगणारा आकडा, उणे ०.२४ (० म्हणजे संबंधच नाही, उणे १ म्हणजे एक वाढली की दुसरी नेमकी कमी). नंतर आणखी अभ्यास घालून हिशेब पुन्हा मांडला, तरी तो उणे ०.२ च्या आसपासच राहिला. म्हणजे संबंध आहे. नाही म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पण उणे ०.२ म्हणजे किती, हे कुणी विचारतच नाही. त्याचा वर्ग ०.०४, म्हणजे माणसामाणसांतल्या गुणांच्या फरकापैकी ४ टक्के धार्मिकतेशी जुळतो, ९६ टक्के जुळत नाही. बुद्ध्यांकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (माणसं सरासरीपासून साधारण किती दूर असतात, त्याचं माप) १५ धरलं, तर धार्मिकतेत एक प्रमाण विचलन पुढे असलेल्याचा अपेक्षित बुद्ध्यांक ३ गुणांनी कमी. एवढा फरक एकाच माणसाने तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली तरी सहज पडतो. अजून सोपं करू. सोलापूरच्या नवी पेठेतून जाणाऱ्या कुणाही दोघांना थांबवलंत आणि त्यांतला जास्त धार्मिक तो कमी बुद्धीचा, अशी पैज लावलीत, तर १०० पैकी ५६ वेळा जिंकाल. नाणं उडवलंत तर ५० वेळा.

असं का होतं, यावर मतं बरीच आहेत. एक म्हणजे, झटकन सुचलेलं उत्तर तपासून पाहायची सवय असलेली माणसं श्रद्धाही तपासतात. ही सवय मोजायचं प्रसिद्ध गणित सोलापुरी मापात सांगतो: चादर आणि टॉवेल मिळून ११०० रुपये, चादर टॉवेलपेक्षा १००० रुपयांनी महाग, तर टॉवेल केवढ्याला? १०० तोंडावर येतं. बरोबर उत्तर ५०. अमेरिकेत अशा गणितांत चुकणारे देव मानण्याकडे थोडे अधिक झुकलेले दिसले. पण २०१८ मध्ये तेरा देशांतली तुलना आली, तेव्हा हा धागा फारच बारीक निघाला, काही ठिकाणी तर सापडेना. २०१२ मध्ये एक प्रयोग खूप गाजला होता: फ्रेंच शिल्पकार रोदँच्या विचारमग्न पुतळ्याचा फोटो नुसता दाखवला तरी लोकांचा देवावरचा विश्वास कमी होतो म्हणे. पुढे जास्त माणसं घेऊन तो पुन्हा केला, तेव्हा तसं काही दिसलं नाही.

झुकरमन यांच्या यादीतले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत, त्यांत माणसंही बरीचशी प्रोटेस्टंट. तिथे चर्चला किती वेळा जाता, हा प्रश्न चालून जातो. तोच ‘मंदिरात किती वेळा जाता’ असा करून इथे विचारलात की माप बिघडलंच. लिंगायत घरातली बाई रोज सकाळी घरीच इष्टलिंगाची पूजा करते. तिच्या कागदावर शून्य येईल. नमाज घरी पढणाऱ्या मुस्लिम बाईचंही तेच. उलट, रस्त्यात मंदिर लागतं म्हणून गाडीवरूनच हात जोडणारा आठवड्याला सहा वेळा ‘जातो’. आणि हा प्रश्न संक्रांतीच्या दिवसांत विचारलात तर बोलायलाच नको. सोलापुरात गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची, यात्रा भरलेली असताना दर्शनाला कोण जात नाही? त्यात खेळणी-पाळण्यांसाठी गेलेले वेगळे कसे काढणार?

बुद्धीच्या मापाचंही तेच आहे. घरात तेलुगू किंवा कन्नड आणि शाळेत मराठी असलेल्या मुलापुढे मराठी शब्दांची चाचणी ठेवलीत तर निम्मं मोजमाप मराठीचं होतं. त्यापेक्षा रेव्हन यांची आकृत्यांची चाचणी बरी: ५ संच, प्रत्येकी १२ आकृत्या, शब्द नाहीत. तिच्यावरही शाळेचा परिणाम होतोच, पण कमी त्रास. चादर-टॉवेलसारखी कोडी मात्र व्हॉट्सअपवर इतकी फिरलीत की ती आता बुद्धीपेक्षा फोन जास्त मोजतात.

महाविद्यालयीन प्रकल्पासाठी हा विषय घेणाऱ्यांनी एवढं तरी करावं. वर्गातली ४० मुलं घेऊन काही सिद्ध होत नाही. खरा सहसंबंध उणे ०.२ असेल तर तो ८० टक्के खात्रीने पकडायला सुमारे १९५ माणसं लागतात. ४० जणांत उणे ०.२ आला, तर खरा आकडा उणे ०.४८ पासून अधिक ०.१२ पर्यंत कुठेही असू शकतो. शिवाय प्रवेशपरीक्षेतून निवडलेली मुलं बुद्धीने एकसारखी असतात, त्यामुळे असलेला संबंधही दबतो. आजी आणि नात एकाच यादीत घातलीत तर उलट होतं: आजीची शाळा चौथीत सुटलेली, उपासतापास जास्त, आणि कागदावर मोठा सहसंबंध तयार. तो वयाचा आणि शाळेचा असतो. म्हणून वय, शिक्षणाची वर्षं आणि घरातली भाषा आधी लिहून घ्या, आणि त्यांचा प्रभाव वजा करूनच आकडा काढा. (अमेरिकेत शिक्षण वजा करूनही संबंध बराचसा टिकतो. इथे टिकेल असं गृहीत धरू नका, नाही टिकणार असंही नको.)

आणि समोर बसून तोंडी विचारू नका. अनोळखी मुलगा वही घेऊन ‘देव मानता का’ म्हणाला की आपल्याकडे ‘मानतो की’ हेच उत्तर येतं. कागद द्या, पेटीत टाकायला सांगा. त्यावर नाव नको. आडनाव दिसलं की गुण देणाऱ्याला जातधर्म कळतो, आणि तपासणी तिथेच वाकडी होते.