बाबांची पुस्तकं अकरा घरांत

सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणार, हे चार वर्षं नुसतं ऐकत होतो. २०२४ च्या फेब्रुवारीत सह्या झाल्या आणि ३१ मेपर्यंत कोथरूडचं घर रिकामं करून द्यायचं ठरलं. वारज्यात भाड्याने दोन खोल्या मिळाल्या. माणसं मावली असती, भांडीकुंडी मावली असती. बाबांची पुस्तकं मावणार नव्हती. तीन वर्षांसाठी एक गोडाऊन बघून आले. खाली ओल, वर पत्रा. घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, पण त्या रात्री दोनदा उठून कपाटापाशी उभे राहिलेले मी पाहिले.

आमच्याकडे पुस्तक घराबाहेर जात नसे. त्याला कारण आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा बाबा चौदा वर्षांचे होते आणि घर नारायण पेठेत नदीच्या अंगाला. आजोबांची दोन कपाटं भरून पुस्तकं चिखलात गेली. पाणी ओसरल्यावर गच्चीवर वाळत घातली, तर पानं एकमेकांना चिकटून विटा झालेल्या. एकच पुस्तक बचावलं. ते अजून आहे. प्रत्येक पानावर खालून चार बोटं उंचीवर गाळाची तपकिरी रेघ आहे आणि बंद केलं तरी ते पुरतं मिटत नाही. पुढे नोकरी लागल्यावर बाबांनी अप्पा बळवंत चौकातून आणि रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून एकेक करून पुन्हा कपाटं भरली, आणि त्यांना कुलूप लावलं. कोणी पुस्तक मागितलं की ते पोथ्यांच्या शेवटी लिहीत ते सांगायचे: तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप आणि मूर्खाच्या हाती देऊ नको.

माझे वाचणारे मित्र मात्र सगळे मोबाइलमधले. २०१८ च्या दिवाळीत आमचा ग्रुप झाला तो दिवाळी अंकांसाठी. प्रत्येकाने चार-चार अंक घ्यायचे आणि फिरवायचे; होळीपर्यंत सगळ्यांचे सगळे वाचून होतात. चौदा जण होतो. निम्म्यांना मी प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं, पण कोणाला काय आवडतं, कोण पानाचा कोपरा दुमडतं, कोण शेवट आधी वाचतं, हे ठाऊक होतं. गोडाऊन पाहून आले त्या रात्री तिथेच लिहिलं की आता काय करू. सकाळी उठून बघते तर, "माझ्या पलंगाखाली जागा आहे." "हॉलची एक भिंत मोकळी आहे, कपाट करून घेतो." हडपसरच्या ताईंनी तर टेप लावून मोजलेला फोटो पाठवला होता.

बाबांना हे सांगायची हिंमत मला झाली नाही. ग्रुपमधले एक काका कॉलेजात ग्रंथपाल होते, आता निवृत्त. ते म्हणाले, मी येतो. आले, चहा घेतला, आणि पानशेतची हकीकत बाबांकडून सगळी ऐकली, मध्ये न बोलता. मग एवढंच विचारलं, "नाना, ती दोन कपाटं त्या दिवशी दहा घरांत असती, तर किती वाचली असती?"

बाबा बराच वेळ गप्प बसले. मग उठून ते गाळाच्या रेघेचं पुस्तक काढून काकांच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "यादी नीट करायची. तोंडी व्यवहार नको."

यादीला सात आठवडे लागले. रोज मी ऑफिसातून आल्यावर बाबा वाचून दाखवायचे आणि मी मोबाइलवरच्या शीटमध्ये भरायचे, दिवसाला चाळीस-पंचेचाळीस. एकूण २,१४० निघाली. आधी मी बारकोड स्कॅन करून बघितलं होतं, पण त्यात नव्या पुस्तकांपलीकडे फारसं हाताला लागलं नाही. जुन्या मराठी पुस्तकांवर बारकोडमागचा आयएसबीएन क्रमांकच नाही, आणि जिथे आहे तिथे नावं रोमन लिपीत, कशीही लिहिलेली. सगळं हातानेच भरलं. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की घरच्या संग्रहाला ग्रंथालयातल्या विषयवार दशांश वर्गीकरणाच्या फंदात पडू नका. दाखल क्रमांक द्या, हाती येईल त्या क्रमाने. क्रमांक पेन्सिलीने, नावाच्या पानामागे. स्टिकर नाही, पेन नाही. सेलोटेप तर अजिबात नाही, ती पिवळी पडते आणि काढताना कागदाचा पापुद्रा घेऊन निघते.

ज्यांना अशी यादी करायची असेल त्यांनी शुद्धलेखनाचं आधी ठरवून घ्यावं. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या पुस्तकांत अनुच्चारित अनुस्वार सर्रास: "कांहीं", "नांव", "पुस्तकें". मी पहिली तीनेकशे नावं छापल्याप्रमाणे भरली. मग "काही" शोधलं तर "कांहीं" सापडेना. शेवटी दोन रकाने केले, एक छापलेल्या नावाचा आणि एक आजच्या लेखनाप्रमाणे शोधण्यासाठी. सालांचंही तसंच. काही पुस्तकांवर फक्त शके असतं, त्यात ७८ मिळवायचे, म्हणजे १८७२ चं १९५० होतं. बाबा हे तोंडी करत होते, मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत उत्तर आलेलं असायचं.

याच कामात कसर सापडली. एकतीस पुस्तकं खराब होती, काहींत तर पानांतून आरपार गोल भोकं. डांबरगोळ्या घालायला काकांनी मना केलं. ग्रुपमधल्या एकीचा घरगुती मटार-आमरसाचा व्यवसाय आहे, तिच्याकडे मोठा डीप फ्रीझर. पुस्तकं प्लास्टिकच्या पिशव्यांत हवाबंद करून तिथे पंधरा दिवस ठेवली. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, दिवसभर तशीच राहू द्यायची. नाहीतर गार कागदावर दव धरतं आणि किड्यातून वाचलेलं पुस्तक ओलीत जातं. त्या बाईंनी आमरसाचे डबे शेजारणीकडे हलवून आमच्या पुस्तकांना जागा दिली, तीही ऐन एप्रिलमध्ये, आंब्याच्या दिवसांत. हे मी विसरणार नाही.

खोक्यांबद्दल एक सांगते. पुस्तकं मोठ्या खोक्यात भरू नका. पहिलं मोठं खोकं जिन्यातच तळातून फाटलं. मग पंचवीस-पंचवीसची लहान खोकी केली, एकेक नऊ-दहा किलोचं, कोणालाही उचलता येईल असं. पाऊस सुरू व्हायच्या आत सगळी पोचली पाहिजेत हा बाबांचा एकच धोशा होता. कल्याणीनगरचा मुलगा मेट्रोने आनंदनगरला यायचा, चाकाची बॅग घेऊन, आठ शनिवार. रामवाडीपर्यंतची मेट्रो त्याच मार्चमध्ये सुरू झाली होती. बाकीचे कोणी गाडी घेऊन आले, कोणी टेम्पो केला. दीडशे पुस्तकं आणि तीन खोकी दिवाळी अंक आम्ही वारज्याला नेले, बाकी सगळी अकरा घरांत गेली. प्रत्येक घराच्या नावापुढे क्रमांकांची यादी, तारीख, सही. सांभाळायची, हवी ती वाचायची, दुसऱ्याला दिली तर शीटमध्ये लिहायचं, एवढाच नियम.

एक खोकं मात्र गेलं. ग्रुपमधल्या कोणाच्या ओळखीने एक जण आले, उत्साहाने सव्वीस पुस्तकं घेऊन गेले, आणि दोन महिन्यांनी फोन लागेनासा झाला. पत्त्यावर जाऊन आले, तिथे दुसरेच भाडेकरू. मी चार दिवस बाबांना सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "क्रमांक वाच." सव्वीसच्या सव्वीस ऐकले. एकविसाव्याला थांबवून म्हणाले, "ते तुझ्या आईबरोबर घेतलेलं." शीटमध्ये त्या ओळींपुढे "मिळाली नाहीत" असं लिहिलं आहे. मला अजून राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. ग्रुपने मात्र ती यादी खिशात घालून जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळली. आतापर्यंत नऊ सापडली आहेत. बाबांच्या खुणा त्यांत नाहीत, पण त्यांनी ती कपाटात घेतली.

खुणांचं सांगायचं राहिलंच. बाबा प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहायचे: कुठे घेतलं, किती रुपये पडले, त्या दिवशी काय होतं. मला हे माहीत होतं, पण मी कधी ओळीने वाचलं नव्हतं. लोकांनी वाचलं. रविवारी ग्रुपवर फोटो यायला लागले. ९०२ क्रमांकाच्या पुस्तकात पीएमटी बसचं तिकीट सापडलं. ११४७ च्या शेवटी होतं, "पगार झाला. पुस्तक घेतले. छत्री पुढच्या महिन्यात." हडपसरच्या ताईंनी हे पाठवलं आणि खाली लिहिलं, "नाना, छत्री घेतली का?" बाबांनी मला व्हॉइस मेसेज कसा करतात ते विचारून घेतलं आणि उत्तर दिलं, की घेतली, पण सप्टेंबरात.

तेव्हापासून ते ग्रुपवर आहेत. आमच्यात आता पुस्तकांची नावं फारशी कोणी घेत नाही. "४१७ कोणाकडे आहे?" "१५३० संपलं, कोणाला हवंय?" असं चालतं. कल्याणीनगरच्या मुलाने बाबांच्या एका टिपणाशी वाद घातला आणि तो तीन दिवस चालला. मला ऑफिसात सारखे मेसेज दिसत होते आणि घरी आले की बाबा दुसरा मुद्दा तयार करून बसलेले असायचे. सत्याहत्तराव्या वर्षी त्यांना वाद घालायला माणूस मिळाला होता.

नवी इमारत अजून चौथ्या मजल्यावर आहे. गेल्या महिन्यात रात्री दहाला बाबांनी ग्रुपवर विचारलं, "६०३ कोणाकडे? मला पुन्हा वाचायचंय." ते ग्रंथपाल काकांकडे निघालं. रविवारी सकाळी काका कापडी पिशवीतून घेऊन आले. बाबांनी पुस्तक उघडून आधी मागचं पान पाहिलं, मग मला म्हणाले, "अगं, नोंद कर." मी मोबाइल काढला आणि ६०३ समोर, "कोणाकडे" या रकान्यात, बाबांचं नाव लिहिलं. तारीख घातली. परत कधी, असं काकांनी विचारलं.

"पंधरा दिवस द्या," बाबा म्हणाले.