ब्रिटनीतल्या एका गावच्या संघामागे: फुटबॉलचा एक हंगाम

कामानिमित्त वर्षभर फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या रेन शहरात होतो. फ्रान्समध्ये राहून फुटबॉल बघायचा तर लोक पॅरिसच्या किंवा मार्सेच्या स्टेडियमची तिकिटं शोधतात. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचे सामने बघत वाढलो. आपल्या पेठेतली, ओळखीची पोरं खेळताना बघण्यात जो जीव गुंततो, तो मला तिथंही हवा होता. म्हणून ऑगस्टच्या शेवटी कोत-दार्मोर जिल्ह्यातल्या एका खेड्याचा संघ धरला आणि मे संपेपर्यंत जमेल तितक्या रविवारी त्याच्या मागे फिरलो. एकोणीस सामने झाले.

गाव गँगाँ आणि कारे यांच्या मधल्या, चढउतारांच्या, दुधाच्या धंद्यावर जगणाऱ्या भागात आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं आता माझ्या घरच्यासारखी झाली आहेत आणि त्यांना न विचारता त्यांचा पत्ता जगाला देणं मला बरं वाटत नाही. तुम्ही तुमचं गाव शोधा. त्या पट्ट्यात ते शोधायला फार वेळ लागत नाही.

आधी पोहोचायचं कसं ते सांगतो, कारण खरी अडचण तीच आहे. पॅरिसच्या माँपारनास स्टेशनवरून वेगवान गाडीने गँगाँ साधारण सव्वादोन तासांवर आहे, रेनहून तासाभरावर. गँगाँहून कारेकडे एकेरी रुळावरची छोटी गाडी जाते. तिचे काही थांबे मागणीनुसार आहेत, म्हणजे उतरायचं असेल तर चढतानाच सांगायचं आणि फलाटावर असाल तर ड्रायव्हरला हात दाखवायचा. रविवारी गाड्या मोजक्याच असतात आणि बस जवळपास नसतेच. म्हणून जायच्या गाडीआधी परतीची गाडी बघा. मी पहिल्या दोन रविवारी हे केलं नाही आणि दोन्ही वेळा क्लबच्या लोकांनी आपल्या मोटारीतून गँगाँ स्टेशनला सोडलं. मुक्काम करायचा तर गँगाँमध्येच करा. जेमतेम सात हजार वस्तीचं हे गाव, पण तिथल्या क्लबने २००९ आणि २०१४ साली फ्रेंच कप जिंकला, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात शेजारच्या रेनला हरवून. द्रोग्बा आणि मालुदा हे पुढे जगभर गाजलेले खेळाडू एकेकाळी याच क्लबच्या रुदुरू स्टेडियमवर खेळले. शुक्रवारी किंवा शनिवारी तिथं सामना असेल तर तो बघावा आणि रविवारी खेड्यात जावं. माझे सगळ्यात चांगले आठवडे असेच गेले.

फ्रेंच फुटबॉलची उतरंड थोडी समजून घेतली की मजा वाढते. वर लीग १ आणि लीग २, त्याखाली नासिओनाल नावाच्या पायऱ्या, मग प्रादेशिक विभाग आणि तळाला जिल्ह्याचे विभाग, त्यांना नुसतं डी१, डी२, डी३ म्हणतात. माझा संघ डी२ मध्ये होता. तळापासून वरपर्यंत चढउताराने सगळे जोडलेले असल्यामुळे गावातल्या पोरांचा गुणतक्ता हा थेट त्याच शिडीचा भाग आहे जिच्या टोकाला मोठे क्लब आहेत. वेळापत्रक फ्रेंच फुटबॉल महासंघाच्या संकेतस्थळावर क्लबच्या नावाने मिळतं, आणि सोमवारच्या 'वेस्त-फ्राँस' किंवा 'ल तेलेग्राम' या दैनिकांत डी२, डी३ पर्यंतचे निकाल छापून येतात. सोमवारी सकाळी बेकरीच्या दारात लोक आधी तेच पान उघडतात.

एक मात्र लक्षात ठेवा. संकेतस्थळावर सामना दिसतो म्हणजे तो होईलच असं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ब्रिटनीत पाऊस लागून राहतो. मैदान ग्रामपालिकेचं असतं, आणि ते चिखलाने खराब होईल असं वाटलं की मेअर लेखी आदेश काढून बंद करतात. हा आदेश शुक्रवारी किंवा शनिवारी निघतो. जानेवारीत मी दीड तास प्रवास करून पोहोचलो तर फाटकाला कागद लटकलेला. त्यानंतर प्रत्येक शनिवारी संध्याकाळी क्लबच्या चिटणीसांना निरोप पाठवून विचारत असे. तुम्हीही एक नंबर मागून ठेवा, पहिल्या भेटीत आनंदाने देतात. डिसेंबरच्या मध्यापासून काही आठवडे सुट्टीही असते. सप्टेंबर, ऑक्टोबर आणि मग मार्च ते मे, हे महिने पाहुण्यासाठी उत्तम.

पहिला संघ दुपारी तीन-साडेतीनला खेळतो, हिवाळ्यात थोडा आधी. पण तुम्ही एक वाजता जा. तेव्हा राखीव संघाचा, म्हणजे 'बे' संघाचा सामना असतो. चाळिशीचे दादा आणि सतरा वर्षांची पोरं एकत्र खेळतात, आणि संपूर्ण क्लब कसा उभा आहे ते तिथं दिसतं. रेषा मारणारे काका अजून चुन्याच्या गाड्यासह मैदानाच्या कडेला असतात, कुणीतरी जाळीची गाठ बांधतंय, कुणी सॉसेजची शेगडी पेटवतंय. क्लब ही १९०१ च्या संस्था कायद्याखाली नोंदलेली संस्था असते. पगारी माणूस एकही नाही. स्वयंसेवकाला तिथं 'बेनेव्होल' म्हणतात आणि हा शब्द फार आदराने उच्चारतात. आपल्याकडे तालमीच्या कार्यकर्त्याला जो मान, तोच.

मैदानाभोवती कमरेएवढा लोखंडी किंवा सिमेंटचा कठडा असतो, त्याला 'मँ कुराँत' म्हणतात. प्रेक्षक बसत नाहीत, त्यावर कोपर टेकून उभे राहतात. नवीन आलेला माणूस कठड्याच्या एका टोकापासून सुरुवात करतो आणि उभ्या असलेल्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करत दुसऱ्या टोकाला जातो. ओळख असो वा नसो. मी पहिल्या दिवशी एका कोपऱ्यात गप्प उभा राहिलो होतो आणि पंधरा मिनिटांत तीसेक माणसांनी येऊन माझा हात हातात घेतला. दुसऱ्या वेळेपासून मीही तसंच केलं. हे जरूर करा. दोन-तीन वाक्यं फ्रेंच येत असेल तर पुरतं, नसेल तर 'बोंझूर' पुरतं. पहिल्या अर्ध्या तासातच लोक 'तू' म्हणून बोलायला लागतात, वयस्कर अध्यक्षही. ते आपलेपण आहे, आपणही तसंच बोलावं.

आता शेगडीबद्दल. खाण्यापिण्याच्या टपरीला 'बुव्हेत' म्हणतात आणि क्लबच्या गल्ल्यातला मोठा वाटा तिथूनच येतो, म्हणून घरून डबा नेऊ नका. ब्रिटनीची खासियत गालेत-सोसिस: कुट्टूच्या पिठाच्या पातळ धिरड्यात गुंडाळलेलं गरम सॉसेज. ते डुकराच्या मांसाचं असतं. मेर्गेझ नावाचं लाल, तिखटसर सॉसेज गाईच्या किंवा मेंढीच्या मांसाचं असतं. पथ्य पाळणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं, कुणी वाईट वाटून घेत नाही. शाकाहारी माणसाला बटाट्याचे तळलेले काप आणि लोणी-साखरेचं क्रेप मिळतं. नुसतं गालेत मागून त्यावर चीज घालायलाही सांगता येतं. सुटे नाणे-पैसे खिशात ठेवा, कार्ड चालेलच असं नाही. फ्रान्समध्ये खेळाच्या मैदानावर दारूविक्रीला कायद्याने बंदी आहे, पण क्रीडासंस्थेला मेअरकडून वर्षात १० वेळा तात्पुरता परवाना मिळू शकतो. सायडर किंवा बिअर असेल तो रविवार त्यातला.

ऑक्टोबरपासून मी अर्धी वेळ बुव्हेतच्या आतच असायचो. एका रविवारी शेगडीवरच्या बाईंचा नातू आजारी होता, त्या आल्या नाहीत. कुणीतरी चिमटा माझ्या हातात दिला आणि म्हणालं, तू कर. तोवर मी पाहुणा होतो. त्या दिवसानंतर संघाची बातमी मला आधी कळू लागली: कुणाचा गुडघा दुखावलाय, कुणाला बाळ झालं, कुणाची नोकरी नांतला लागल्याने डिसेंबरनंतर तो येणार नाही. शेवटच्या बातमीने सगळे गंभीर झाले. अकरा माणसं जमवणं हीच या भागातली खरी लढाई आहे. तरुण शहरात जातात, गावं म्हातारी होतात, आणि शेजारच्या दोन-तीन गावांचे क्लब एकत्र येऊन मुलांचे संघ चालवतात. त्यामुळे तुम्ही जाऊन पाच युरोचं गालेत खाल्लंत आणि पुढच्या रविवारी परत आलात, तर त्याची किंमत तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे. दर रविवारी नवं मैदान गाठणारे हौशी प्रवासीही असतात. माझा सल्ला वेगळा आहे. एकच क्लब धरा आणि किमान तीनदा जा.

कपचा सामना मात्र एकदा तरी बघायलाच हवा. फ्रेंच कप १९१७-१८ साली सुरू झाला आणि त्यात दरवर्षी सात हजारांहून जास्त क्लब उतरतात, खेड्यातलेही. पहिल्या फेऱ्या ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात, सातवी फेरी नोव्हेंबरात, तिथे लीग २ चे संघ येतात. प्रतिस्पर्ध्याहून दोन किंवा जास्त पायऱ्या खाली असलेल्या संघाला घरचं मैदान मिळतं. त्यामुळे आमच्याकडे पहिल्याच फेरीत प्रादेशिक विभागातला संघ आला. नव्वद मिनिटांत १-१. २०२० पासून जादा वेळ नाही, थेट पेनल्टी. गावातली झाडून सगळी माणसं गोलाच्या मागे जमली. आम्ही ४-३ ने हरलो. कठड्यावर माझ्या शेजारी उभे असलेले आजोबा मग मला कॅले शहराच्या क्लबची गोष्ट सांगत बसले: २००० साली चौथ्या पायरीवरचा हौशी खेळाडूंचा संघ स्ट्रासबर्ग आणि बोर्दोला हरवून अंतिम सामन्यात गेला, नांतकडून २-१ ने हरला, आणि नांतच्या कप्तानाने कॅलेच्या कप्तानाला सोबत घेऊन चषक उचलला. आजोबांनी ते कालच घडल्यासारखं सांगितलं.

परगावच्या सामन्याला जायचं तर मोटार नसली तरी चालतं. खेळाडू आपापल्या गाड्या घेऊन मैदानाजवळ जमतात आणि जागा वाटून निघतात. शुक्रवारी विचारून ठेवलं की एक जागा मिळते. पेट्रोलचे पैसे देऊ करा. ते घेणार नाहीत, मग तिथल्या बुव्हेतवर चौघांची कॉफी तुम्ही घ्या.

नोव्हेंबरातला असाच एक सामना मी विसरणार नाही. टेकडीवरचं मैदान, आडवा पाऊस, कठड्याला टेकलं तर बाही भिजत होती. या पातळीवर लाइनमन दोन्ही क्लबांनी आपापला द्यायचा असतो, आमच्या बाजूने हिशेबनीस झेंडा घेऊन धावत होते. सामन्याची नोंद टॅब्लेटवर करावी लागते, तो पावसात चालेना म्हणून सुरुवात दहा मिनिटं लांबली. आमचा गोलरक्षक शेतकरी आहे, साठेक गाईंचं दूध सकाळी काढून आलेला. ७० व्या मिनिटापर्यंत ०-२ ने मागे होतो. मग कॉर्नरवर एक, चिखलात अडकलेल्या चेंडूवर दुसरा, आणि शेवटी आमच्या सतरा वर्षांच्या पोराने तिसरा मारला. शिट्टी झाली तसे सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. गोलरक्षक मात्र हातमोजे काढत थेट गाडीकडे गेला, संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती. जाताना कठड्यावरच्या प्रत्येकाचा हात त्याने ओल्या हाताने दाबला, माझाही.

कपड्यांचं सांगायचं तर रबरी बूट आणि टोपीचा रेनकोट. कठड्यावर छत्री उघडू नका, मागच्याला दिसत नाही. फोटो काढण्याआधी विचारा, मुलांच्या सामन्यात तर काढूच नका, पालकांना आवडत नाही. ओरडायला 'आले ले गार' पुरे, म्हणजे चला पोरांनो. पंचाला काही बोलू नका. पंच मिळेनासे झाले आहेत, सगळ्यात खालच्या विभागात कधी कधी एखाद्या क्लबचा स्वयंसेवकच शिट्टी घेतो. सामना संपला की लगेच निघू नका. दोन्ही संघ एकाच खोलीत एकत्र बसतात, त्याला 'तिसरा अर्धा' म्हणतात. हिवाळ्यात क्लब निधीसाठी लोटो म्हणजे हाउजीसारखा खेळ किंवा जेवणाचा कार्यक्रम ठेवतात. त्याचं एक तिकीट घ्या, गाव एकदम कळतं.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही १-० ने जिंकून पाचवे आलो. संध्याकाळी रेषा मारणारे काका गोलाच्या जाळ्या सोडवायला निघाले आणि एक टोक धरायला मला हाक मारली. ओलसर जाळी आम्ही दोघांनी चौघडी घालून खोलीत ठेवली. दार ओढताना काका 'केनावो' म्हणाले, त्यांच्या ब्रेतोन भाषेत निरोपाचा शब्द तोच. मग फ्रेंचमध्ये सांगितलं की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्या परत लावायच्या आहेत.